खुणेपर्यंत पाणी

सकाळी सातला, शिकवणीची पहिली बॅच यायच्या आत, मी घरातल्या समुद्री जिवांच्या टँकच्या काचेजवळ वाकतो. काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. पाणी टिकलीच्या किती खाली उतरलंय ते बघायचं आणि तेवढं गोडं पाणी वरून हळूहळू ओतायचं. पावसाळ्यात लिटरभर, थंडीत दीड-दोन, एप्रिल-मेमध्ये चार लिटर. ओतायचं ते गोडंच. खाऱ्या पाण्यातून उडून जातं ते निव्वळ पाणी, मीठ तिथंच राहतं. लिटरमागं ३५ ग्रॅम मीठ असलेल्या १९० लिटरमधून रोज चार लिटर उडालं आणि आठवडाभर कुणी लक्ष दिलं नाही, तर तोच खारेपणा ४१ वर जातो. आतल्या जिवांना पळून जायला दुसरा समुद्र नाही.

मी लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत धरला तरी साडेतीनशे किलोमीटरहून लांब. आम्ही पाचशे मीटरहून उंच पठारावर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडावर राहतो. घरातल्या कुणाचंही बालपण समुद्राजवळ गेलेलं नाही. माय पहिल्यांदा समुद्र बघायला गेली तेव्हा तिची साठी उलटली होती. गणपतीपुळ्याला ती पाण्यात गुडघाभर उभी राहिली, ओंजळ भरून चाखली आणि म्हणाली, "एवढं असून उपेग काय?" ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

कारण त्याआधी २०१६ होऊन गेलं होतं.

लातूरकराला हे साल समजावून सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसं जमू नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलं होतं. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. साधारण ३४० किलोमीटरवरून, दहा डबे, प्रत्येकात ५० हजार लिटर. पुढं पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठवड्यातून एकदा, दोन पिंपं भरण्यापुरता. माय त्या दोन पिंपांचा हिशोब तांब्यात करायची. आंघोळीला पाच तांबे, भांड्यांना सात. भाजी धुतलेलं पाणी जास्वंदीला. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत. तिनं कधी वही धरली नाही, पण रात्री पिंपात किती तांबे उरलेत ते ती अंधारात पिंपावर बोटं वाजवून सांगायची. आवाजावरून.

त्या बाईला मी २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलं की मला घरात १९० लिटर असं पाणी ठेवायचंय जे कुणी पिणार नाही.

ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, "सांडणार किती?"

प्रश्न अचूक होता. मी महिनाभर वाचत होतो, चार्ट काढत होतो, आणि हा आकडा मी काढलाच नव्हता. सागरी टँकला बोअरचं पाणी चालत नाही. आमच्या सहाशे फुटांवरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, नऊशेच्या आसपास असतो. त्यातले नायट्रेट, सिलिका, धातू हे सगळं समुद्री जिवांना नको असतं. म्हणून आरओ लावायचा, त्यापुढं उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची नळी, म्हणजे टीडीएस शून्यावर येतो. पण आमच्यासारख्या पाण्यावर घरगुती आरओ एक लिटर स्वच्छ पाण्यामागं तीन लिटर वेगळं काढतो. म्हणजे पहिल्या भरणीलाच पावणेसहाशे लिटर. मी तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग पावसाची वाट बघ."

मी जुलैपर्यंत थांबलो. शंभर चौरस फूट स्लॅबवर २० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास १८५ लिटर पाणी होतं. हे गणित मी मुलांना फळ्यावर घालायचो, पण स्वतःच्या गच्चीवर कधी मांडलं नव्हतं. स्लॅब घासला, पन्हाळीला पाईप जोडला, अन्नाला चालतील असे दोन निळे ड्रम आणले. पावसाच्या पाण्याचा टीडीएस २२ भरला. आरओ न चालवता ते गाळून थेट रेझिनमधून सोडलं आणि वाया काहीच गेलं नाही. आजही टँकचं बहुतेक पाणी जुलै ते सप्टेंबरमध्ये ड्रमात साठवलेलं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी ते संपलं की नाइलाजानं आरओ लावतो. त्याचं वेगळं निघालेलं पाणी माय बादल्यांमध्ये धरते आणि ते फरशी पुसायला, संडासला वापरते. झाडांना घालत नाही, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. हे तिला मी सांगितलेलं नाही. एका कुंडीची कोथिंबीर पिवळी पडली तेव्हा तिनंच ओळखलं.

मिठाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की स्वयंपाकाचं मीठ का नाही चालत. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड सगळ्यात जास्त असतं हे खरं, पण सोबत लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या वर कॅल्शियम, शिवाय सल्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट असतं. हे सगळं ठरलेल्या प्रमाणात मिसळलेलं तयार मीठ मिळतं. पहिल्या भरणीला मला साडेसहा किलोच्या वर लागलं. त्यानंतर सहा आठवडे टँकमध्ये मी काहीही सोडलं नाही. दगडांवर जिवाणू वसायचे होते. अमोनियाचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. माझ्याकडची मुलं रोज येऊन टेस्ट किटच्या नळीतला रंग बघायची. पुस्तकातलं नायट्रोजन चक्र त्यांना या रिकाम्या टँकनं शिकवलं, मी नाही.

दगड सगळे कृत्रिम, भाजलेल्या मातीचे. दगडी प्रवाळ मी ठेवलेलं नाही आणि ठेवणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. आपल्याकडं मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून जास्त किलोमीटर आत, पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा पठारासारखा उंचवटा आहे, कान्होजी आंग्रेंच्या नावाचा. ते तिथंच राहावं. माझ्याकडं आहेत ते झोआंथिड, बटणाएवढ्या फुलांसारखे मऊ जीव, पुण्यातल्या एका छंदी माणसानं स्वतःच्या टँकमध्ये वाढवलेले. दिसायला गोड, पण त्यांच्यातल्या काही जातींत भयंकर विष असतं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय मी त्यांना हात लावत नाही.

त्या झोआंथिडच्या बुडाशी, बहुतेक, एक कण आला असावा. चार महिन्यांनी दगडांवर हिरवे, चकचकीत फुगे दिसू लागले. हरभऱ्याएवढे, मग द्राक्षाएवढे. शेवाळाची ही जात व्हॅलोनिया. त्यातली गोष्ट कळली तेव्हा मी अर्धा तास काचेसमोरून हललो नाही: तो द्राक्षाएवढा अख्खा फुगा म्हणजे एकच पेशी. जी गोष्ट मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली, कांद्याच्या पापुद्र्यात दाखवायची, ती इथं नुसत्या डोळ्यांना दिसत होती, चिमटीत धरता येईल एवढी. पण ती पसरते. झोआंथिडना उजेड मिळेनासा होतो, आणि फुगा टँकमध्येच फोडला तर आतले बीजाणू आणखी पसरायची भीती असते. एकेक काढून मी थकलो. मग पाचू आला.

एमराल्ड क्रॅब, कॅरिबियन समुद्रातला छोटा खेकडा, पाचूसारखा हिरवा. मुंबईहून पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या गाडीनं आला. पाठीचं कवच पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्या नांग्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात, दगडावरचं शेवाळ खरवडायला. मी त्याच्या पिशवीत टँकचं पाणी थेंबथेंब सोडत दोन तास बसलो. खेकड्याला खारेपणातला अचानक बदल सोसत नाही. टँकमध्ये सोडला तसा तो दगडाखाली गेला तो तीन दिवस दिसलाच नाही. चौथ्या रात्री लाल टॉर्च लावून बघितलं. एक फुगा दोन नांग्यांत धरून तो दाबत होता, फोडत होता, तुकडे तोंडात सारत होता. न घाई, न थांबणं. रात्रीत तीन फुगे.

खेकड्यांबद्दल आपल्याकडं पाटीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. लहानपणापासून ती भाषणांत ऐकत आलो. पाचूला दीड वर्ष रोज बघितल्यावर मला ती गोष्ट खेकड्यावर अन्याय वाटते. खेकडा कुणाला खाली ओढत नाही. पायाखालचं सुटलं की जे हाताला लागेल ते तो घट्ट धरतो, दगड असो, जाळी असो, दुसऱ्याचा पाय असो. समुद्राच्या लाटेत वाहून न जाण्याचा त्याचा तो एकच उपाय आहे. गुळगुळीत पाटीत त्याला धरायला माणसानंच काही ठेवलेलं नसतं.

आता ती रात्र. मेची अखेर होती. दुपारी ४२ अंश होतं. पाणी थंड ठेवणारं यंत्र, चिलर, परवडत नाही म्हणून टँकवर मी दोन छोटे पंखे लावतो. आमच्या कोरड्या हवेत ते छान काम करतं, माठाचंच शास्त्र आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना एवढी उष्णता घेऊन जातं की दोनशे लिटर पाण्याचा जवळपास तीन अंश ताप उतरतो. संध्याकाळी वळीव आला, वारं सुटलं, झाडं पडली आणि लाईट गेली. इन्व्हर्टर पाच तास चालला, मग तोही बसला. पंखे बंद, पाणी फिरवणारे पंप बंद. उबदार खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. पाणी थांबलं की तो झपाट्यानं संपतो. पहाटे दोनला गोगलगायी काचेवर अगदी वर, पाण्याच्या कडेला येऊन बसल्या होत्या. पाचू दगडाच्या माथ्यावर आला होता. लपून राहणारा जीव उघड्यावर.

मी मगनं पाणी उचलून उंचावरून ओतायला लागलो. आवाजानं माय उठली. काय चाललंय विचारलं नाही. मेणबत्तीच्या उजेडात दोन मिनिटं बघितलं आणि देवघरातला तांब्या घेऊन आली. मी तिचा हात धरला. इतक्या जोरात धरला की तांब्या खाली पडला.

तांबं. सागरी टँकमधल्या बिनकण्याच्या जिवांना पाण्यात विरघळलेल्या तांब्याइतकं घातक फार थोडं असतं. माशांच्या काही औषधांत ते असतं, म्हणून असं औषध पडलेल्या टँकमध्ये खेकडा, गोगलगाय, प्रवाळ ठेवत नाहीत. आणि खाऱ्या पाण्यात तांबं सावकाश विरघळत राहतं. पण हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, नुसता ओरडलो. ती मागं सरकली. "देवाला चालतंय, ह्याला चालंना व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता, लागलं होतं. मी प्लास्टिकचा डबा तिच्या हातात दिला. मग आम्ही दोघं उजाडेपर्यंत, आळीपाळीनं, पाणी उचलून ओतत बसलो. तिचा हात माझ्यापेक्षा सावकाश चालत होता आणि एक थेंब बाहेर सांडत नव्हता. माझ्या बाजूची फरशी ओली झाली होती.

ओतता ओतता मी तिला सांगितलं. खेकड्याचं रक्त निळसर असतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोखंड असतं, त्याच्या रक्तात तांबं. जे त्याच्या अंगात श्वास वाहून नेतं तेच बाहेरून पाण्यात जास्त झालं की त्याला मारतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मिठाचं बी तसंच की. आन् पाण्याचं बी." सव्वासहाला लाईट आली. दोन गोगलगायी गेल्या. पाचू वाचला, पण त्या रात्री दगड सरकून त्याचा मागचा एक पाय तुटला.

खरं तर तुटला म्हणणं चूक आहे. संकटात खेकडा स्वतःच पाय सोडून देतो, बुडाशी ठरलेल्या जागेवर. तिथं रक्त लगेच थांबतं आणि पुढं बारीक कोंब येतो. तीन आठवड्यांनी तो कोंब मला दिसला. मग पाचूनं खाणं कमी केलं. रंग मळकट झाला. मग तो दिसेनासाच झाला.

एका बुधवारी सकाळी टिकलीपर्यंत पाणी भरताना तो समोरच दिसला. वाळूवर उताणा, पाय पसरलेले, प्रवाहात हलकेच हलणारा. मी चिमट्यानं बाहेर काढला. वजन जवळजवळ नव्हतंच. त्या दिवशी मी पहिल्या बॅचला घरी जायला सांगितलं. वर्तमानपत्राच्या कागदावर त्याला ठेवलं आणि मायला म्हटलं, "पाचू गेला."

ती आली, खाली बसली, कागद नाकाजवळ नेला. "वास कुठंय?" म्हणाली. "मेलेला खेकडा तासाभरात घर उठवतो." मग बोटानं पालथा केला. पाठीच्या मागच्या कडेला सरळ चीर होती. "हितून निघून गेलाय बघ त्यो. कात टाकलीय. कशाला तोंड पाडून बसलास?"

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. आत पोकळी. डोळ्यांच्या देठांवरचं आवरणसुद्धा निघून आलं होतं, काचेच्या मण्यांसारखं. कल्ल्यांचं अस्तर होतं, पिसासारखं. मी हे सगळं वाचलेलं होतं. जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम आधीच अंगात ओढून घेणं, पाणी पिऊन फुगणं, मागून चीर पडणं, उलटं सरकत बाहेर येणं, मग मऊ अंगानं दडून राहून पाण्यातलं कॅल्शियम घेत नवं कवच घट्ट करणं. शिकवूही शकलो असतो. डोळ्यांपुढं आलं तेव्हा मला मेलेला खेकडा दिसला.

तिला मात्र ते तेरणा नदीकाठच्या रानातून माहीत होतं. माझं आजोळ तिथलं. पहिला पाऊस झाला की बांधाच्या बिळांतून काळे खेकडे निघायचे, पोरं काडी घालून ओढून काढायची, सर्दी-खोकल्याला त्याचा झणझणीत रस्सा व्हायचा. पण मऊ लागलेला खेकडा तिची आज्जी बिळात परत सोडायला लावायची. "त्यो बाळंतिणीवानी असतोय म्हणायची. आठ दिस त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही." तिनं अजून एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्या सागरी टँकच्या लेखात मिळाली नसती. रानातली खेकडी पोटाखालच्या झाकणीत पिल्लं घेऊन हिंडते, डाळीएवढी, पण पुरती खेकड्याची. समुद्रातल्या खेकड्यांचं तसं नसतं. त्यांच्या अंड्यांतून निघतो तो खेकड्यासारखा न दिसणारा, काटेरी, तरंगणारा जीव, तो उघड्या समुद्रात वाहत वाहत वाढतो आणि फार उशिरा खेकडा होतो. रानातल्या खेकड्याला वाहायला समुद्र नाही. म्हणून वाढीचा तो सगळा काळ तो अंड्यातच उरकतो, आणि माय पिल्लांना पोटाशी धरते. मी हे बोललो तेव्हा माय हसली. "नदी आटल्यावर काय करंल मग बिचारी."

ते कवच आम्ही टँकमध्येच परत ठेवलं, कारण खेकडा त्यातला काही भाग खातो. सहा दिवस मी दगडांना हात लावला नाही. लाल टॉर्चही नाही. फक्त सकाळी खुणेपर्यंत पाणी, आणि एक दिवसाआड कॅल्शियमची टेस्ट: ४२०, ४१०, ४१५. सातव्या रात्री तो आला. हिरवा रंग ओल्या मेथीसारखा ताजा, अंगानं थोडा मोठा. मागं आठवा पाय, बाकीच्यांहून बारीक आणि आखूड, पण पाय. तो जमिनीवर टेकवावा की नाही हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं. व्हॅलोनियाचा एक फुगा उरला होता, त्यानं तो धरला.

टिकली मायनंच लावलेली आहे. मी मार्करनं रेघ मारली होती, ती तिला दिसायची नाही. मी परीक्षेच्या कामाला चार दिवस पुण्याला गेलो होतो, परत आलो तर रेघेवर माझ्या भाचीची लाल टिकली होती आणि पाणी नेमकं तिथं होतं. खारेपणा मोजला. पस्तीस.

काल संध्याकाळी आभाळ भरून आलं. यंदाचा पहिला पाऊस. मी ड्रमची झाकणं काढायला गच्चीवर धावलो, पाईप जोडायला हात घातला. माय जिन्यात उभी होती.

"थांब," ती म्हणाली. "पहिलं पाणी वाहून जाऊ दे."

स्लॅबवरून वर्षाची धूळ तांबूस होऊन पन्हाळीतून खाली पडत होती. पाईप हातात धरून मी तिच्या शेजारी उभा राहिलो. पाणी नितळ व्हायला अजून वेळ होता.